हुकमात नसलेल्या चिंध्या

शास्त्रपाठ : यिर्मया ३८:७-१३ आणि ३९:१५-१८



वरील शास्त्रपाठ आपल्या रविवारच्या उपासनेत क्वचितच वाचला जातो. कुंभाराच्या घरी गेलेला यिर्मया आपल्या शाळांतील लहान मुलांसही ठाऊक असतो. परंतु ज्या मनुष्याने त्या संदेष्ट्याला मरणाच्या खाचेतून वर काढले त्याचे नाव विचारले असता, पुष्कळ वर्षे उपदेश केलेले बंधूही थोडा वेळ स्वस्थ बसतात. म्हणून आज त्याची ओळख करून घेऊ.

यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. नगरातील भाकर संपत आली होती. यिर्मया जे बोलत होता ते सरदारांस रुचेना; त्यांनी राजाची संमती मिळवून त्याला पहारेकऱ्यांच्या चौकातील हौदात दोरांनी सोडले. हौदात पाणी नव्हते, चिखल होता, आणि यिर्मया त्या चिखलात रुतला. सिद्कीया राजा दुर्बळ मनाचा होता. त्याने सरदारांपुढे हात टेकले. अशा वेळी राजवाड्यातील एक चाकर, एबद-मलेख नावाचा कूशी, म्हणजे मिसराच्याही पलीकडच्या देशातील परका मनुष्य, उठून राजाकडे गेला. राजा त्या समयी बन्यामिनाच्या वेशीत बसला होता. तेथे जाऊन एबद-मलेखाने निर्भयपणे सांगितले की ह्या लोकांनी वाईट केले आहे, आणि तो संदेष्टा तेथेच उपासमारीने मरेल. राजाने त्याला तीस माणसे घेऊन यिर्मयाला वर काढण्याचा हुकूम दिला.

आता पुढची गोष्ट लक्षपूर्वक पाहा. हुकूम मिळाल्यावर तो थेट हौदाकडे गेला नाही. तो प्रथम भांडाराच्या खालच्या खोलीत गेला, तेथून जुन्या चिंध्या व फाटकी वस्त्रे घेतली, ती दोरांनी खाली सोडली, आणि यिर्मयाला सांगितले की ह्या काखेत दोरांखाली घाल. दोराने त्या कृश झालेल्या अंगाची कातडी सोलली जाऊ नये एवढाच त्यात हेतू. राजाचा हुकूम दोरापर्यंत होता. चिंध्या कोणी सांगितल्या नव्हत्या. बंदिवानांची काळजी वाहणे हे त्या चाकराचे काम नव्हते, हौद त्याच्या खात्यात नव्हता. तेव्हा राजाकडे जाणे हीच एक नेमणुकीबाहेरची दया झाली, आणि चिंध्या ही तिच्याहूनही पुढची.

पवित्र शास्त्राने ही बाब गाळली नाही. राज्य बुडत आहे, मंदिर जळण्याच्या बेतात आहे, आणि लिहिणारा थांबून सांगतो की चिंध्या कोठून आणल्या व कोठे घातल्या. आणखी एक नवल सांगतो. एबद-मलेख ह्या इब्री शब्दांचा अर्थच ‘राजाचा चाकर’ असा होतो. कदाचित हे त्याचे खरे नाव नसेलही. त्या परक्या मनुष्याला सर्वजण त्याच्या हुद्द्यानेच हाक मारीत असतील, जसे आपण आजही ‘अरे शिपाई’, ‘ओ वॉचमन’ म्हणतो. तरी त्याचे कृत्य इतके नेमके लिहिले गेले आहे की अडीच हजार वर्षांनंतर भीमेच्या काठी बसून आपण ते डोळ्यांपुढे उभे करू शकतो.

असे चाकर आपल्या काळातही आहेत. दौंडच्या मंडळीस रेल्वे नवी नाही. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी आणि मनमाडचा फाटा येथेच भेटतात, आणि आपल्यातील कित्येक घरांची भाकर रुळांवरच भाजली गेली आहे. मुंबई-बंगळूर उद्यान एक्सप्रेस दौंडवरूनच जाते. हीच गाडी १७ एप्रिल २०२१ च्या सायंकाळी ठाणे जिल्ह्यातील वांगणी स्थानकातून वेगाने जात होती. फलाटावरून एक अंध माता आपल्या लहान मुलाचा हात धरून चालली होती. मूल कडेला जाऊन रुळावर पडले. आईला गाडीचा आवाज येत होता, मूल कोठे आहे हे दिसत नव्हते. तेथे मयूर शेळके नावाचा पॉइंट्समन, म्हणजे जुनी माणसे ज्याला सांधेवाला म्हणत तो, कामावर होता. गाडीला निशाण दाखविणे हे त्याचे काम. तो रुळांतून गाडीच्या रोखाने धावला, मुलाला उचलून फलाटावर ठेवले, आणि स्वतः वर चढला. गाडी मागून निघून गेली तेव्हा मध्ये एकदोन क्षणांचेच अंतर राहिले होते. धावताना आपल्याही जिवाला धोका आहे असा विचार क्षणभर मनात आला, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. मला ह्या कबुलीचे मोल फार वाटते. ज्याला भय वाटलेच नाही त्याची वाखाणणी करणे सोपे. भय वाटले आणि पाय थांबले नाहीत, ही माणसाची गोष्ट आहे.

मग त्याचा सन्मान झाला. मध्य रेल्वेच्या कचेरीत सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवून त्याचे स्वागत केले. तेव्हाचे रेल्वेमंत्री पीयूष गोयल ह्यांनी त्याच्याशी बोलून त्याला शाबासकी दिली. रेल्वे मंत्रालयाने ५०,००० रुपयांचे बक्षीस जाहीर केले. एका कंपनीने मोटरसायकल दिली. आणि त्या सांधेवाल्याने काय केले? बक्षिसाचे अर्धे पैसे त्या मुलाला व त्याच्या आईला देण्याचे जाहीर केले. त्यांची घरची स्थिती बेताची आहे हे त्याला कळले होते. बक्षिसाने दया विकत घेतली गेली नाही. उलट बक्षीसच दयेच्या मागे चालू लागले.

परंतु एक गोष्ट विसरू नका. वांगणीच्या फलाटावर कॅमेरा होता. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली म्हणून टाळ्या पडल्या. आपल्या शिरूर तालुक्यातही जानेवारी २०२२ मध्ये असेच झाले. मोराची चिंचोली पाहून परतणाऱ्या स्त्रियांच्या सहलीची गाडी वाटेत थांबली, कारण चालकाला फिट आली. तेव्हा वाघोलीच्या एका भगिनीने, जिने त्याआधी बस कधी हाती धरली नव्हती, गाडी चालवून त्या चालकाला दवाखान्यात पोहोचविले. तिचीही चित्रफीत गावोगाव फिरली, आणि ते योग्यच झाले. पण ज्या स्थानकावर कॅमेरा नाही, ज्या कारखान्याच्या मागल्या दारी कोणी पाहत नाही, ज्या दवाखान्यात रात्री तीन वाजता एक आया परक्या म्हातारीचे पाय चोळीत बसली आहे, तेथील कृत्य कोण सांगणार?

एस्तेरच्या पुस्तकातील मर्दखयाची गोष्ट येथे आठवते. मर्दखय राजाच्या दारी बसत असे. दोन द्वारपाल राजाचा घात करू पाहत आहेत हे त्याला कळले, आणि त्याने एस्तेर राणीच्या मुखे राजाला सावध केले. अपराध्यांस शिक्षा झाली, सर्व हकिकत राजाच्या बखरीत लिहिली गेली, आणि वही मिटली. मर्दखयाला काही मिळाले नाही. कोणी त्याच्यावर रुष्ट होते म्हणून नव्हे. वही पुन्हा कोणी उघडलीच नाही. पुढे एका रात्री राजाला झोप येईना, म्हणून त्याने बखर वाचावयास सांगितली, आणि तेथे त्या नोंदीवर येऊन त्याने विचारले की ह्या मनुष्याचा सन्मान काय केला. सेवकांनी उत्तर दिले, काहीच नाही. आणि त्याच वेळी हामानाने ह्याच मर्दखयाला लटकविण्यासाठी उंच खांब उभारून ठेविला होता! एका निद्रानाशाची रात्र नसती तर कृतज्ञता मयतावर पोहोचली असती. आपल्या गावांत कित्येकांची स्तुती प्रथम ऐकू येते ती त्यांच्या दफनविधीच्या वेळी, ह्याचा विचार व्हावा.

आपल्या नोंदवह्यांकडेही पाहा. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत आपल्या मंडळ्यांतील तरुण कामाला जातात. उशिरा आल्याची नोंद होते, खाड्याची होते, फुटलेल्या वस्तूची होते. पण समजा, एका कामगाराने पाळी संपल्यावर घरी न जाता, यंत्रात बोट सापडलेल्या सोबत्याला दवाखान्यात नेले आणि रात्रभर त्याच्या उशाशी बसला. हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? आणि तो ठेकेदाराचा माणूस असला तर प्रश्न आणखी कठीण. कंपनी म्हणते तो आमचा नव्हे, ठेकेदार म्हणतो ते काम माझे नव्हे. एबद-मलेखासारखा तो परका ठरतो. फक्त त्याच्यासाठी बखर लिहिणारा कोणी नसतो.

येथे एक शंका निघेल, आणि ती शास्त्रातूनच निघते. लूक १७:७-१० ह्या वचनांत प्रभूने शेतातून दमून आलेल्या दासाचा दाखला दिला आहे. धनी त्याला आधी जेवावयास बसवीत नाही, आणि आज्ञेप्रमाणे केले म्हणून त्याचे आभारही मानीत नाही. तेव्हा काही मालक, आणि सांगावयास खेद वाटतो की काही ख्रिस्ती संस्थांचे कारभारीही, हे वचन पुढे करून म्हणतात की चाकराचे आभार ते कशाला?

बंधूंनो, हा दाखला कोणाला सांगितला हे पाहा. तो प्रेषितांस सांगितला, आणि त्यांना दासाच्या जागी उभे करून सांगितला. आपण केवळ कर्तव्य केले असे दासाने स्वतःविषयी म्हणावे, हा त्याचा रोख. ते शब्द दासाच्या तोंडचे आहेत. धन्याने ते त्याच्या तोंडातून काढून आपल्या तोंडात घालू नयेत. गिऱ्हाइकाने ‘थोडे कमी चालेल’ म्हणणे निराळे आणि दुकानदाराने तेच म्हणून तराजू उचलणे निराळे. शिवाय दाखला आज्ञा केलेल्या कामाविषयी आहे. चिंध्यांची आज्ञा झाली नव्हती.

डाव्या हाताला उजव्या हाताचे कळू न देण्याविषयी डोंगरावरील प्रवचनात जे शिकविले आहे तेही असेच वाचावे. ते दान करणाऱ्याला सांगितले आहे. पाहणाऱ्याने मूग गिळून बसावे असे तेथे नाही. विधवेने दोन टोल्या भांडारात टाकल्या तेव्हा ती काही बोलली नाही; प्रभूने मात्र शिष्यांस जवळ बोलावून तिच्याकडे लक्ष वेधिले.

आज्ञेतले काम आणि आज्ञेबाहेरची दया ह्यांतील भेद राज्यकर्त्यांनीही ओळखला आहे. भारत सरकारने १९६१ साली जीवन रक्षा पदके सुरू केली. बुडणाऱ्याला, जळणाऱ्याला, अपघातात सापडलेल्याला वाचविणाऱ्यांस ती तीन श्रेणींत दिली जातात. सैन्य, पोलीस व अग्निशामक दलांतील लोकांविषयी त्यात नियम आहे की कर्तव्याच्या ओघात केलेल्या नव्हे, तर त्याबाहेर केलेल्या कृत्यासाठीच त्यांचा विचार व्हावा. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या आहेत; त्यांतील जवान पुरात नेमणुकीवर असता लोकांस बाहेर काढील तर ते त्याचे काम, आणि त्याबद्दल त्याला पगार व मान दोन्ही असावेत. पण तोच जवान सुटीवर गावी असता विहिरीत उडी घेईल तर त्याची मोजणी निराळ्या मापाने होते.

पैशाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण खेड्यातील मंडळीजवळ पैसा नसतो, आणि म्हणून सन्मान करणे हे आपले काम नव्हे असे तिला वाटते. केंद्र सरकारने २०२१ साली रस्त्यावरील अपघातात सापडलेल्या मनुष्याला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास ५,००० रुपये देण्याची योजना काढली, आणि २०२५ साली ती रक्कम २५,००० केली. योजनेला प्रथम नाव दिले ते आपल्या परिचयाच्या दयाळू शोमरोन्याचे. शिरूर नगर रस्त्यावर आणि दौंड तालुका सोलापूर रस्त्यावर असल्यामुळे ही गोष्ट उपदेशकांनी घरोघर सांगावी. मदत करणाऱ्यामागे खटला-चौकशीचा त्रास लागू नये म्हणून २०१९ साली मोटार कायद्यातही दुरुस्ती झाली आहे, हेही सांगावे. कारण लोक बहुधा दयेच्या अभावी नव्हे, पोलीस ठाण्याच्या भयाने पुढे जात नाहीत. रस्त्यावरील अनोळख्यांसाठी हे ठीकच. परंतु एखाद्या मालकाने आपल्या दारावर दयेचा दरपत्रक लावला, पाणी पाजल्यास इतके, सोबत्याला घरी पोहोचविल्यास इतके, तर चार महिन्यांत दया उक्त्या कामासारखी मोजली जाऊ लागेल, आणि ज्याला रक्कम मिळाली नाही तो हौदाजवळून मुकाट्याने जाईल. बक्षीस द्यावयाचे तर मागाहून द्यावे, न सांगता द्यावे.

आणखी दोन खोड्या मला ठिकठिकाणी दिसतात. एक अशी की कोणी एकदा आपणहून केले की ते त्याच्या कामात जमा करावयाचे. आया एका रात्री थांबली. दुसऱ्या आठवड्यापासून तिने रोज थांबावे अशी अपेक्षा. ही स्तुती नव्हे, हा सापळा आहे. पुढल्या वेळी शहाणी माणसे वेळ होताच घरी जातात. दुसरी खोडी शाल-नारळाची. तीन महिन्यांचा पगार थकलेल्या शिक्षकाच्या खांद्यावर शाल घालून त्याच्या सेवाभावाची वाखाणणी करणे हे मी पापात धरतो. अडवून ठेविलेली मजुरी स्वतःच ओरड करते असे याकोबाने आपल्या पत्रात लिहिले आहे. टाळ्यांनी ती ओरड बुडत नाही. आणि सत्काराच्या सभांविषयी म्हणाल तर, तेथे पाहुण्यांची भाषणे तासभर चालतात, आणि ज्याचा सत्कार त्याने काय केले हे शेवटपर्यंत सभेला कळत नाही! ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ’ एवढे म्हणून सोडून देतात. चिंध्या सांगत नाहीत.

एबद-मलेखाला काय मिळाले ते आता पाहा. राजाने काही दिले असे लिहिलेले नाही. त्याचे आभार आले ते यिर्मयाकडून, आणि तेही यिर्मया अजून पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलेला असताना. ज्याच्याजवळ देण्यास एक भाकरही नव्हती त्या बंदिवानाच्या हाती परमेश्वराने निरोप दिला, आणि तो जसाच्या तसा त्या कूशी चाकराला पोहोचवावयाचा होता. नगर पडेल, हे त्यात लपविलेले नाही. पण तू ज्या माणसांना भितोस त्यांच्या हाती तू पडणार नाहीस, तुझा जीव वाचेल, कारण तू भरवसा ठेविलास, असा त्याचा आशय आहे. बंधूंनो, अडतिसावा अध्याय पुन्हा वाचा. एबद-मलेख भ्यालेला होता असे तेथे कोठेही नाही. तो वेशीत उभा राहून सरदारांविरुद्ध बोलला, तीस माणसे घेऊन हौदावर गेला, सर्वांस तो निर्भय दिसला. परंतु त्या सरदारांच्या नजरा चुकवीत तो पुढे किती रात्री जागा राहिला असेल! निरोपाला ते भय ठाऊक होते. त्याला धन्यवाद मिळाला तो त्याच्या कृत्याचा, आणि त्या कृत्याची त्याला जी किंमत पडली तिचाही.

ह्यावरून मंडळ्यांनी काय करावे ते थोडक्यात लिहितो. पंचांच्या सभावृत्ताच्या वहीत शेवटली काही पाने ह्या कामासाठी राखून ठेवावी. उपदेशक व बायबलबाई घरभेटीस जातात तेव्हा त्यांनी विचारावे की ह्या महिन्यात तुमच्यासाठी कोणी आपल्या कामाबाहेरचे काही केले काय. उत्तर मिळेल ते त्याच दिवशी लिहावे : त्या मनुष्याचे पूर्ण नाव, हुद्दा नव्हे, गाव, कोठे कामाला आहे, कोणासाठी काय केले, आणि चिंध्यांसारखी जी बारीक गोष्ट असेल ती अवश्य. तो मनुष्य आपल्या मंडळीतला असो की नसो, मुसलमान असो, वारकरी असो, कूशी असो. त्याच्या धन्याला, मुकादमाला अथवा स्थानकाच्या मास्तरला पंचांच्या सहीचे पत्र जावे, आणि त्याची एक प्रत त्या मनुष्याच्या घरी. पत्र पाठविण्यापूर्वी त्याला विचारावे. कारण कधी कधी काम सोडून मदतीला गेल्याबद्दलच माणसाला ठपका बसतो, आणि आपल्या स्तुतीने त्याची चौकशी सुरू होऊ नये. ठपका बसला असेल तर पाळकांनी स्वतः जाऊन धन्याशी बोलावे.

आपल्याच संस्थांपासून आरंभ करावा हे बरे. शाळेची झाडलोट करणारी बाई, वसतिगृहाचा स्वयंपाकी, दवाखान्याचा रात्रीचा पहारेकरी, ह्यांची नावे किती पंचांस पुरती ठाऊक आहेत? पुढल्या सुगीच्या सणाला, धान्याच्या राशी वेदीपुढे आल्यावर, ती राखलेली पाने मोठ्याने वाचावी. वाचणारा पाहुणा नसावा. ज्याला मदत झाली त्याने उभे राहून वाचावे, आणि त्याला अक्षरओळख नसेल तर तोंडाने सांगावे.